‘लुअर इन’ आणि ‘लुअर इंटू’ : अर्थ, वापर आणि तक्रारीतील शब्दनिवड

कोथरूड येथे राहणाऱ्या एका सेवानिवृत्त अभियंत्यांचा प्रश्न माझ्याकडे आला आहे. शेअर बाजारात जादा परतावा मिळवून देण्याच्या नावाखाली त्यांची फसवणूक झाली. पोलिसांकडे मराठीत तक्रार नोंदवल्यानंतर बँकेला द्यायचे निवेदन त्यांनी इंग्रजीत लिहायला घेतले आणि पहिल्याच परिच्छेदात ‘दे लुअर्ड मी इन’, म्हणजे ‘त्यांनी मला भुलवून आत ओढले’, असे लिहिले. भाच्याने ते खोडून ‘आय वॉज लुअर्ड टू इन्व्हेस्ट’ असे केले, आणि परिचयातल्या एका वकिलांनी तेही खोडून तेथे ‘इंड्यूस्ड’, म्हणजे ‘प्रवृत्त केले’, हा शब्द घातला. तिघांचे तीन शब्द का झाले, ‘लुअर इन’ आणि ‘लुअर इंटू’ यांत फरक काय, आणि हे क्रियापद वापरल्याने आपण लोभी होतो अशी कबुली आपणच दिल्यासारखे होते का, असे त्यांनी विचारले आहे. यातला शेवटचा प्रश्न त्यांनी जरा संकोचाने, पत्राच्या अगदी तळाशी लिहिला आहे. माझ्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

मी गेली 26 वर्षे पुण्यात इंग्रजी-मराठी भाषांतराचे काम करतो. त्यात न्यायालयीन कागदपत्रे, विम्याचे दावे आणि बँकांचा पत्रव्यवहार यांचा वाटा मोठा आहे. फसवणुकीच्या प्रकरणांतले कागद अलीकडे फार येतात, आणि त्या कागदांत हे एक क्रियापद जितक्या वेळा चुकीच्या जागी पडलेले दिसते तितके दुसरे क्वचितच दिसते. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम मूळ शब्द पाहू. उच्चार ‘लुअर’ किंवा ‘ल्युअर’ असा होतो. ‘लुरे’ किंवा ‘लूर’ असा नाही. हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला, आणि तो आला ससाणे पाळून शिकार करणाऱ्यांच्या धंद्यातून. दोरीच्या टोकाला पिसांचा झुबका बांधायचा, त्यात मांसाचा तुकडा अडकवायचा आणि ती दोरी हवेत गरगर फिरवून आकाशात गेलेल्या ससाण्याला परत हातावर बोलवायचे, या साधनाला ‘लुअर’ म्हणत. म्हणजे मुळात हे साधन सावज पकडण्यासाठी नव्हते. स्वतःच्याच शिकवलेल्या पक्ष्याला माघारी आणण्यासाठी होते, आणि त्यातले मांस खरे असे. फसवणुकीचा रंग त्या शब्दावर नंतर चढला.

आता आपला ‘आमिष’ हा शब्द पाहा. संस्कृतात आमिष म्हणजे मांस. सामिष आणि निरामिष भोजन हे शब्द आपण आजही त्याच अर्थाने वापरतो. मांसाचा तुकडा दाखवून जनावराला जवळ आणायचे, या एकाच कृतीतून दोन दूरच्या भाषांना लोभ दाखवण्याचा शब्द मिळाला. इतके जवळचे प्रतिशब्द भाषांतरकाराच्या वाट्याला फार थोडे येतात. तरीही ‘लुअर’ म्हणजे ‘आमिष दाखवणे’ असे समीकरण मांडले की चूक होते, आणि ही चूक शब्दकोश पाहून दुरुस्त होत नाही, कारण ती वाक्याच्या बांधणीत आहे.

मराठीत ‘त्याने मला नोकरीचे आमिष दाखवले’ एवढे म्हटले तर गोष्ट अर्ध्यावर आहे. मी त्याला भुललो की नाही, हे वाक्य सांगत नाही; पुढे ‘पण मी काही बधलो नाही’ असे सहज जोडता येते. इंग्रजीत ‘ही लुअर्ड मी’ म्हटले की मी गेलो, हे ठरून गेले. त्यापुढे ‘पण मी गेलो नाही’ असे लिहिले तर वाक्य स्वतःलाच खोडून काढते. न गेल्याची गोष्ट सांगायची असेल तर ‘ट्राइड टू लुअर’ असे म्हणावे लागते, किंवा ‘टेम्प्ट’ हे क्रियापद घ्यावे लागते. ‘आय वॉज टेम्प्टेड’ म्हणणारा माणूस मोह झाल्याचे सांगतो, मोहाला वश झाल्याचे नव्हे. बालकाला पळवण्याचा प्रयत्न फसला अशा एका बातमीचे भाषांतर करताना एका नवख्या सहकाऱ्याने ‘लुअर्ड’ एवढेच लिहिले होते, आणि वाचणाऱ्याचा समज मुलगा पळवला गेला असा झाला. एका शब्दाच्या अभावाने बातमी उलटली.

दुसरा फरक दिशेचा आहे. ‘लुअर’ हे क्रियापद साधन सांगते : काहीतरी हवेसे दाखवले. माणूस कुठे गेला हे मागे लागलेले लहानसे अव्यय सांगते : ‘इन’, ‘इंटू’, ‘अवे’, ‘आउट’, ‘बॅक’. मराठीचा स्वभाव याच्या बरोबर उलटा आहे. आपण साधन ‘ऊन’ प्रत्ययाच्या रूपात सांगतो आणि मुख्य क्रियापदात परिणाम ठेवतो : आमिष दाखवून आत ओढले, फूस लावून पळवून नेले, गोड बोलून घराबाहेर काढले. म्हणून ‘लुअर’चे चांगले मराठी करायचे तर एका शब्दाचे दोन शब्द करावे लागतात, आणि मराठीचे इंग्रजी करताना दोन्हींचा भार एका क्रियापदावर व एका अव्ययावर टाकावा लागतो. हे एकदा मनात बसले की उरलेला बहुतेक गोंधळ मिटतो.

आता ‘इन’ आणि ‘इंटू’. ‘लुअर इन’मधले ‘इन’ क्रियाविशेषण आहे. कशात, हे सांगायची त्याला गरज नाही. आत, म्हणजे त्यांच्या वर्तुळात, त्यांच्या कह्यात. कर्म लहान सर्वनाम असेल तर ते मधेच बसते : ‘लुअर्ड मी इन’ बरोबर, ‘लुअर्ड इन मी’ चूक. कर्म नाम असेल तर दोन्ही जागा मोकळ्या असतात. ‘लुअर्ड इन मेनी सीनियर सिटिझन्स’ आणि ‘लुअर्ड मेनी सीनियर सिटिझन्स इन’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत, आणि कर्म लांब असेल तर पहिले अधिक सुटसुटीत वाटते. ‘इंटू’ला मात्र पुढे काहीतरी हवेच. ते एखादे ठिकाण असेल, सापळा असेल किंवा कृती असेल. कृती असेल तर तिला ‘इंग’ लागते : ‘लुअर्ड मी इंटू डिपॉझिटिंग मनी’. ‘इंटू डिपॉझिट मनी’ असे आपल्याकडे सर्रास लिहिले जाते आणि ते चूक आहे. भाच्याने लिहिलेले ‘लुअर्ड टू इन्व्हेस्ट’ वृत्तपत्रांत वाचायला मिळते, त्यामुळे त्याला दोष देणार नाही; पण औपचारिक निवेदनात ‘लुअर्ड इंटू इन्व्हेस्टिंग’ हेच घ्यावे. ‘टू’ खरा शोभतो तो स्थळापुढे : कोणाला निर्जन जागी बोलावून नेले, तर ‘लुअर्ड टू अ लोनली स्पॉट’.

कशाने भुलवले हे सांगताना ‘विथ’ की ‘बाय’, असाही प्रश्न विद्यार्थी विचारतात. भुलवणारा माणूस वाक्याचा कर्ता असेल तर त्याच्या हातातले साधन ‘विथ’ने सांगावे : ‘लुअर्ड मी विथ द प्रॉमिस ऑफ हाय रिटर्न्स’. कर्मणी रचनेत, जेथे ते वचनच ओढणारे म्हणून पुढे येते, तेथे ‘बाय’ चालते. यापेक्षा अधिक खोलात जाण्याचे कारण नाही.

पुणे जिल्ह्यातले एक उदाहरण देतो, म्हणजे ‘इंटू’ डोळ्यांपुढे राहील. जुन्नर परिसरात उसाच्या फडांतून बिबटे वावरतात, आणि वस्तीजवळ आलेल्या बिबट्यासाठी वन विभाग पिंजरा लावतो. त्यात भक्ष्य म्हणून शेळी किंवा कोंबडी ठेवतात. बिबट्या आत शिरला की दार पडते. याचे इंग्रजी ‘द लेपर्ड वॉज लुअर्ड इंटू अ केज’ असे होते. येथे क्रियापद त्याच्या जन्मस्थानाच्या अगदी जवळ आहे : प्रत्यक्ष भक्ष्य आहे, प्रत्यक्ष भूक आहे, आणि नैतिक दोष कोणावरच नाही. भुकेल्या जनावराला आपण लोभी म्हणत नाही. मराठी बातमीत याला ‘आमिष दाखवले’ न म्हणता ‘भक्ष्य ठेवून पिंजऱ्यात जेरबंद केले’ असेच म्हणतात आणि तेच योग्य आहे, कारण आजच्या मराठीत आमिषाला कपटाचा वास आहे.

‘अवे’ची कहाणी निराळी. हिंजवडीतल्या एका कंपनीने दुसरीचे अनुभवी लोक जास्त पगार देऊन नेले, तर इंग्रजी पत्रकार ‘लुअर्ड अवे’ लिहितो आणि मराठी माणूस ‘माणसे फोडली’ म्हणतो. आमदार फोडतात, कारागीर फोडतात, गिऱ्हाईक मात्र पळवतात. ‘फोडणे’ या शब्दात जी आधीची एकसंधता मोडल्याची भावना आहे ती ‘लुअर अवे’मध्ये तितकी नाही; तेथे भर देऊ केलेल्या पगारावर आहे. उलट, सणासुदीला लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानांनी लावलेल्या सवलतींच्या पाट्यांविषयी ‘लुअर कस्टमर्स’ असे लिहिले असेल, तर त्याचे भाषांतर ‘आमिष’ या शब्दाने करू नये. दुकानदारावर विनाकारण आरोप होतो. तेथे ‘ग्राहकांना भुरळ घालणे’ किंवा नुसते ‘आकर्षित करणे’ पुरे. बाजाराच्या संदर्भात या क्रियापदाची धार बोथट होते, हे लक्षात ठेवावे. युद्धाच्या संदर्भात तर ते कौतुकाचेही होऊ शकते. 1659 साली शिवाजी महाराजांनी आपण घाबरलो आहोत असे भासवून अफजलखानाला वाईहून जावळीच्या दाट खोऱ्यात, प्रतापगडाच्या पायथ्याशी यायला लावले. हे इंग्रजीत ‘लुअर्ड इंटू’ने सांगितले तर त्यात निंदा नसते, डावपेचाची दाद असते. तोच प्रसंग ‘ड्रू इंटू’ने सांगितला तर सूर तटस्थ होतो. क्रियापद निवडताना लिहिणारा बाजू घेत असतो, त्याला ते कळो वा न कळो.

या अव्ययांचा आणि त्याबरोबरच ‘लुअर’च्या मर्यादेचा विचार शिकवताना मी पंचवटीतल्या प्रसंगाचा आधार घेतो, कारण तो प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक असतो. एकाच दिवशी तीन माणसे आश्रमातून किंवा आश्रमाबाहेर ओढली गेली, पण तिघांसाठी एकच क्रियापद चालत नाही. रामाला सोन्याच्या हरणाने दूर नेले. हे ‘लुअर्ड अवे’चे नमुनेदार उदाहरण आहे, हवेसे दिसणारे काहीतरी समोर नाचत होते. लक्ष्मणासमोर काही नाचत नव्हते. रामाच्या आवाजातली खोटी हाक ऐकून, सीतेने पाठवल्यामुळे, मनाविरुद्ध तो गेला. त्याला ‘लुअर्ड’ म्हणणे ढिले आहे, ‘कॉल्ड अवे’ किंवा ‘ड्रॉन अवे’ म्हणावे. आणि सीता? दारात आलेल्या याचकाला भिक्षा घालणे हे तिचे कर्तव्य होते. तिला मोह झाला नव्हता. तिच्यासाठी ‘ट्रिक्ड’ हे क्रियापद हवे. पाहणाऱ्याला तिन्ही वेळा कपटच दिसते. इंग्रजी भाषा मात्र विचारते की कपटाने कशाला हात घातला, इच्छेला, काळजीला की कर्तव्याला. इच्छेला घातला असेल तरच ‘लुअर’.

प्रश्नकर्त्यांच्या संकोचाचे उत्तर याच प्रसंगात आहे. राम हरणामागे गेला तो पत्नीला ते आवडले म्हणून. त्याला ‘लुअर्ड’ म्हणताना कोणी लोभी म्हणत नाही. ‘लुअर’ला इच्छा लागते, ती हाव असलीच पाहिजे असे नाही. निवृत्तीनंतर व्याजाचे उत्पन्न घटते, औषधांचा खर्च वाढतो, मुलांवर भार नको असे वाटते, आणि अशा वेळी पैसा थोडा वाढावा असे वाटणे ही इच्छा आहे. ती इच्छा ओळखून कोणी तिच्यापुढे खोटे काही धरले, तर त्या वाक्याचा कर्ता तो आहे, आणि इंग्रजीने त्याला कर्त्याच्या जागी बसवलेही आहे : ‘दे लुअर्ड मी इन’. आपण तेथे कर्म आहात.

उलट आपले मराठी याबाबतीत जरा कठोर आहे, आणि हे मला मनापासून खटकते. ‘जादा परताव्याच्या आमिषाला बळी पडले’ असे मथळे आपण रोज वाचतो. त्या वाक्यात फसवणारा नाहीच; पडणारा तेवढा आहे, आणि पडणे ही त्याचीच क्रिया. ‘लोभापायी’, ‘मोहापायी’ हे शब्द तर निकालच देऊन टाकतात. बळी या शब्दात सहानुभूती आहे हे खरे, पण व्याकरणाने दोष पडणाऱ्याच्या पदरात घातला आहे. म्हणून तक्रार मराठीत लिहिताना ‘मी आमिषाला बळी पडलो’ असे लिहू नका. ‘संबंधित व्यक्तींनी जादा परताव्याचे आमिष दाखवून माझ्याकडून इतकी रक्कम भरून घेतली’ असे लिहा. ‘भरून घेतली’ या दोन शब्दांत करणारा कोण आणि कोणाकडून करवले हे दोन्ही स्पष्ट होते, आणि ते सत्यही आहे.

वकिलांनी ‘इंड्यूस्ड’ का घातले, तेही सांगतो. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. तिच्या कलम 318 मध्ये फसवणुकीची, म्हणजे कायद्याच्या मराठीत ठकवणुकीची, जी व्याख्या आहे तिचा कणा ‘इंड्यूस’ हे क्रियापद आहे : लबाडीने किंवा अप्रामाणिकपणे एखाद्याला मालमत्ता देण्यास प्रवृत्त करणे. जुन्या दंड संहितेतील कलम 415 आणि 420 यांतही तेच क्रियापद होते. म्हणून ज्या वाक्यात गुन्ह्याचे घटक सांगायचे तेथे ‘इंड्यूस्ड’ हवेच, आणि त्यापुढे ‘टू’ येतो, ‘इंटू’ची सक्ती नाही. ते क्रियापद कोरडे आहे. काय दाखवले याविषयी ते काहीच बोलत नाही. हकीकत सांगणाऱ्या वाक्यांत ‘लुअर्ड’ राहू शकते. वकिलांनी एक जागी ते बदलले तर ते बरोबर केले. सगळीकडे बदलले असेल तर निवेदनातला जिवंतपणा गेला.

कायद्यात ‘एन्टाइस’ हाही शब्द आहे, पण त्याची जागा वेगळी : संहितेच्या कलम 137 मध्ये, पालकाच्या ताब्यातून बालकाला नेण्याच्या संदर्भात, पूर्वी जे कलम 361 होते तेथे. आपल्या पोलीस ठाण्यांत त्याचे मराठी पिढ्यानपिढ्या ‘फूस लावून पळवून नेणे’ असे आहे. ‘एन्टाइस’चे मूळ लॅटिनमधील जळत्या लाकडाच्या शब्दापर्यंत जाते असे मानतात, म्हणजे मनात काहीतरी पेटवणे. ‘फूस’ या शब्दातही चिथावणीची छटा आहे, ‘कोणाच्या तरी फुशीवरून तो हे करतो’ असे आपण म्हणतो, त्यामुळे ही जोडी चांगली जमली आहे. 1973 सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने या शब्दाचा अर्थ सांगताना म्हटले की दुसऱ्याच्या मनात आशा किंवा इच्छा निर्माण करून त्याला प्रवृत्त करणे ही त्यातली कल्पना आहे, आणि हे काम कधी लगेच होते, तर कधी हळूहळू, नकळत मनावर ठसा उमटत जाऊन काही काळाने फळते. तो निकाल अल्पवयीन मुलीच्या संदर्भातला आहे, तुमच्या प्रकरणाला तो लागू नाही. पण भुलवणे म्हणजे काय याचे इतके समजूतदार वर्णन मला शब्दकोशात आढळलेले नाही, म्हणून येथे दिले.

‘नकळत, हळूहळू’ हेच तुमच्या हकीकतीत आहे, आणि इंग्रजी निवेदन लिहिताना त्याचा उपयोग करा. तुम्ही कळवल्याप्रमाणे आधी कोणीतरी गटात सामील करून घेतले, तेथे इतर लोक आपापला नफा दाखवत होते. मग लहान रक्कम भरल्यावर खरोखरच थोडा नफा बँक खात्यात जमा झाला. त्यानंतर मोठ्या रकमा गेल्या. काढायला गेलात तेव्हा आधी कर भरा, मग शुल्क भरा असे सांगत राहिले. आणि शेवटी गट नाहीसा झाला. हे सारे ‘लुअर्ड’ या एका शब्दात कोंबले की बँकेतल्या अधिकाऱ्याला टप्पे दिसत नाहीत. इंग्रजीत प्रत्येक टप्प्याला स्वतःचे क्रियापद आहे. गटात ओढले ते ‘लुअर्ड मी इन’. खात्यात खरा नफा टाकून निर्धास्त केले, ते ‘लल्ड मी इंटू अ फॉल्स सेन्स ऑफ सिक्युरिटी’. ‘लल’ म्हणजे थोपटून झोपवणे, आणि मराठीत याला ‘गाफील ठेवले’ म्हणावे. येथे ‘लुअर्ड इंटू अ फॉल्स सेन्स ऑफ सिक्युरिटी’ असेही इंग्रजीत रूढ आहे, पण ‘लल्ड’ अधिक नेमके. मोठ्या रकमा घेतल्या तो टप्पा मासेमारीच्या भाषेत ‘रील्ड मी इन’ : मासा गळाला आधीच लागलेला आहे, आता चरखी फिरवून दोर गुंडाळायचा. आपल्याकडे ‘गळाला लागला’ म्हणतात ते या मधल्या क्षणाला, आणि म्हणून ‘लुअर इन’चे भाषांतर ‘गळाला लावणे’ असे सरसकट करणे मला मान्य नाही. गळ टाकणे, गळाला लागणे आणि ओढून घेणे या तीन गोष्टी आहेत.

पैसे काढू न देता झुलवत ठेवले, त्याला ‘लेड मी ऑन’ किंवा ‘स्ट्रंग मी अलाँग’. ‘लीड ऑन’विषयी दोन वाक्ये अधिक लिहितो, कारण ते लोक ‘मार्गदर्शन केले’ असे वाचतात. त्यात द्यायचे काहीच नसते. मिळेल अशी समजूत तेवढी जिवंत ठेवायची असते. यासाठी ‘कोपराला गूळ लावणे’ हा आपला वाक्प्रचार इतका चपखल आहे की मला त्याहून चांगला प्रतिशब्द सुचत नाही : गूळ खरा, जवळही आहे, पण जिभेला कधीच पोहोचणार नाही. आणि अखेरचा टप्पा ‘चीटेड मी आउट ऑफ’, त्यापुढे रक्कम. पाहा, सुरुवात ‘इन’ने झाली आणि शेवट ‘आउट ऑफ’ने : माणूस आत गेला, पैसा बाहेर गेला.

काही शब्द टाळा. ‘रोप्ड इन’ आपल्याकडच्या इंग्रजी वृत्तपत्रांत सल्लागार नेमला, कलाकार घेतला अशा निरुपद्रवी अर्थाने येते. निवेदनात ते आले तर आपण त्या टोळीत सामील झालात असे वाटू शकते, आणि हे धोक्याचे आहे. ‘सिड्यूस्ड’ला आज शारीरिक संदर्भ चिकटलेला आहे. ‘अल्युअर’ला दिशादर्शक अव्यय लागत नाही आणि त्याचा ओढा सौंदर्याकडे आहे. ‘एग ऑन’चा अंड्याशी संबंध नाही, तो चिथावणीचा शब्द आहे.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या प्रकरणात नाही पण ज्यांच्या आहे त्यांनी लक्षात घ्यावी. अलीकडे पोलीस किंवा अन्य अधिकारी असल्याचे भासवून, अटकेची भीती घालून, कॅमेऱ्यासमोर तासन्‌तास बसवून ज्येष्ठांकडून पैसे काढले जातात. अशा प्रकरणाच्या इंग्रजी कागदात ‘लुअर्ड’ वापरलेले मी पाहिले आहे, आणि प्रत्येक वेळी आग्रहाने बदलले आहे. तेथे कोणीही काहीही हवेसे दाखवलेले नाही. तेथे ‘फ्रायटन्ड इंटू’ किंवा ‘कोअर्स्ड इंटू’ लिहायला हवे. भीतीने दिलेल्या पैशाला भुलून दिलेला पैसा म्हणणे हा त्या माणसावर दुसऱ्यांदा झालेला अन्याय आहे.

तुमच्या बाबतीत तपासायची गोष्ट एकच उरते. त्यांनी नोंदणीकृत दलाल असल्याची खोटी कागदपत्रे पाठवली होती आणि तुम्ही ती खरी मानून पैसे भरले, असे तुम्ही लिहिले आहे. मग रक्कम भरण्याच्या वाक्यात ‘ट्रिक्ड इंटू’ घ्या, कारण तेथे तुमची इच्छा नव्हे, तुमचा विश्वास वापरला गेला. ‘लुअर्ड इन’ पहिल्या वाक्यापुरते ठेवा, जेथे गटातल्या नफ्याच्या आकड्यांनी तुम्हाला आत नेले. माझ्या मते निवेदनाचा गाभा असा असावा : ‘दे लुअर्ड मी इन विथ क्लेम्स ऑफ हाय रिटर्न्स, क्रेडिटेड अ स्मॉल प्रॉफिट टू गेन माय ट्रस्ट, अँड ट्रिक्ड मी इंटू ट्रान्सफरिंग लार्जर सम्स बाय मीन्स ऑफ फोर्ज्ड डॉक्युमेंट्स.’ त्यानंतर वकिलांचे ‘डिसऑनेस्टली इंड्यूस्ड मी टू डिलिव्हर’ हे वाक्य स्वतंत्र परिच्छेदात, कलमाच्या उल्लेखासह येऊ द्या. प्रत्येक हस्तांतराची तारीख, वेळ आणि व्यवहार क्रमांक क्रियापदांइतकेच काळजीने लिहा, आणि सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर नोंदवलेल्या तक्रारीचा पोचक्रमांक पहिल्याच ओळीत द्या. भाच्याला ‘इंटू’पुढची ‘इंग’ची रूपे एकदा नजरेखालून घालायला सांगा, मसुद्यात ती दोन ठिकाणी राहून गेली आहेत.